बबलची एअर बेड : मेंदूला मार लागलेल्या पेशंटसाठी घ्यावी का?

घ्यावी. पण डिस्चार्जच्या कागदावर ‘एअर बेड’ लिहिलं, ती घरी आणली, की बेडसोरची (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांची) काळजी मिटली असं होत नाही. दोन-चार हजारांची ही गादी साधारण दर दहा मिनिटांनी निम्म्या फुग्यांतली हवा कमी करते आणि उरलेल्यांत भरते. टोचतंय हे सांगता न येणाऱ्या, स्वतःहून कूस न बदलणाऱ्या पेशंटला तिचा खरंच आधार होतो. दर दोन तासांनी कूस बदलणं मात्र सुटत नाही, रात्रीसुद्धा.

खाली नेहमीची गादी, वर ही, फुगे वरच्या बाजूला, नळ्या पायथ्याशी. त्यावर एकच पातळ सुती चादर. मॅकिंटॉश (रबरी चादर), दुपटं, घडी केलेली रजई असे थर चढले की फुगे असून नसल्यासारखे, शिवाय घाम साचतो. पंप लावून गादी नीट फुगली की पेशंटला निजवा आणि माकडहाडाच्या खाली, एअर बेडच्या तळाशी हात घाला. हाताला हाड टेकलं तर हवा कमी आहे, पंपाचं बटण वाढवा. हीच तपासणी उशाकडची बाजू वर करूनही करा, कारण तेव्हा सगळा भार तिथेच येतो.

राईल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने) भरवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास डोकं 30 ते 45 अंश वर हवंच. पण त्यात अंग खाली घसरतं आणि पाठीची कातडी ओढली जाते. म्हणून आधी गुडघ्यांखाली उशी, मग डोकं वर. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखालीही घडी ठेवा.

लाइट गेली की पंप बंद पडतो, तेव्हा तो इन्व्हर्टरवर घ्या, वीज अगदी किरकोळ लागते. नळी पलंगाच्या फटीत चिमटली तर पंपाचा आवाज चालू राहतो आणि अर्धी गादी बसलेली असते, म्हणून रोज सकाळी तळवा फिरवून बघा.

गादीइतकीच गरज उशाशी टांगलेल्या एका वहीची आहे. दिवसाची मावशी, रात्रीची मावशी, घरचे, फिजिओ, सगळ्यांनी तीच वापरायची : वेळ, कूस, कातडी. ‘पहाटे 4, उजवी टाच लाल, बोट दाबून सोडलं तरी पांढरी होत नाही’ एवढी ओळ असली, की सकाळी येणारा त्या टाचेवर भार देत नाही, तिथे चोळत नाही, आणि नर्सला त्याच दिवशी फोन जातो. बहुतेक घरांत हा निरोप पाळी बदलताना तोंडी दिला जातो आणि हरवतो.

अंगाने भारी पेशंटला किंवा जखम आधीच झाली असेल तर बबलऐवजी आडव्या ट्यूबची गादी बघा, महाग असली तरी. आणि फिजिओ पलंगाच्या काठावर बसवायला लागले, की त्या वेळी एअर बेड बाजूला काढा. काठ दबतो, पाय जमिनीवर टेकत नाहीत, तोल जातो. कायमची कधी काढायची, हे फिजिओ आणि नर्सने मिळून ठरवावं, कातडी बघून.