पायाने ढकलायची गाडी: दहा महिने वापरल्यानंतर

चिरंजीव साडेअकरा महिन्यांचे असताना चालायला लागले आणि तेराव्या महिन्यात पळायला. त्यानंतर आमच्या घरात टीपॉय, डायनिंगच्या खुर्च्या आणि पिंप, जे जे ढकलता येईल ते सगळं फिरू लागलं. खुर्ची ढकलत ढकलत गॅलरीच्या दारापर्यंत नेऊन तिच्यावर चढायचा प्रयत्न झाला, त्या दिवशी ठरलं की आता याला याची स्वतःची गाडी हवी. ही जूनमधली गोष्ट. डोंबिवलीत वन बीएचके, तिसरा मजला आणि बाहेर कोसळणारा पाऊस. म्हणजे गाडी चालणार ती घरातच.

खरं तर घरात एक गाडी आधीच होती. पहिल्या वाढदिवसाला मामाने बॅटरीवरची लाल जीप दिली होती. बारा व्होल्टची, दिवे लागणारी, रिमोटवाली. दिसायला झकास. पण तिच्यात बसून पोराने करायचं काय? रिमोट बाबांच्या हातात, गाडी बाबांच्या मर्जीने जाणार, हा आपला लग्नातल्या नवरदेवासारखा अवघडून बसलेला. पाच मिनिटांत रडून खाली उतरायचा आणि मग तीच जीप मागून ढकलत न्यायचा, तेव्हा कुठे चेहरा खुलायचा. त्यात हॉलमध्ये ती वळायची नाही. पावसाळाभर पलंगाखाली पडून राहिली, चार्ज करायचं राहून गेलं, आणि दिवाळीनंतर काढली तेव्हा बॅटरी मेलेली. या जीपमध्ये लेड-ॲसिडची बॅटरी असते, ती रिकामी ठेवली की जाते. वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करायची असते, हे आम्हाला नंतर कळलं. मामाला अजून सांगितलेलं नाही.

मग तीनचाकी बघितली. दुकानदार म्हणाला, "घ्या ताई, चार वर्षं चालेल." पण पॅडल मारणं साधारण अडीच-तीन वर्षांचं झाल्यावर जमतं. तोवर मागच्या दांड्याने आपणच ढकलायचं. शिवाय बहुतेक तीनचाक्यांची पॅडल पुढच्या चाकालाच जोडलेली असतात, आपण ढकललं की ती गरागरा फिरतात आणि नडगीवर बसतात. हँडल डावीउजवीकडे हलवलं की पळणारी ती मॅजिक कारही भाच्याकडे आहे. तो पाच वर्षांचा आहे, तो तिच्यावर धमाल करतो. आमच्याला पाय वर घेऊन नुसतं हँडल हलवायचं ही कल्पनाच पटली नाही.

राहिली ती साधी, चार चाकांची, पायाने ढकलायची गाडी. यातही शंभर प्रकार. मी ऑनलाइन बघून कंटाळले, कारण खोक्यावर 'वय १ ते ३' लिहिलेलं असतं, पण सीट जमिनीपासून किती उंच ते कुणी लिहीत नाही. आणि खरं माप तेच. पोराला भिंतीला टेकून उभं केलं, पायांच्या मध्ये पातळ पुस्तक आडवं धरलं आणि टेपने मोजलं: २८ सेंटीमीटर. सीट त्याहून तीन-चार सेंटीमीटर कमी हवी, म्हणजे दोन्ही तळपाय पूर्ण टेकतात आणि गुडघे थोडे वाकतात. नुसते चवडे टेकत असतील तर पोर ढकलू शकत नाही आणि उतरताना कलंडतं. टेप घेऊन बाजारात गेले. तीन दुकानांत माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं गेलं, चौथ्यात २४ सेंटीमीटरची मिळाली. अठराशे रुपये. सीट अरुंद आहे हेही तिथेच पाहिलं. रुंद सीटवर पाय फाकतात आणि ढकलायला जोर राहत नाही.

खोक्यावर आयएसआयची खूण आणि परवाना क्रमांक होता. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ही खूण सक्तीची आहे, आणि तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो. मी दुकानातच टाकला. त्याआधीच्या दुकानातल्या एका गाडीवर खूण होती, क्रमांकच नव्हता. ती तिथेच ठेवली. हॉर्नच्या सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का तेही बघा. नखाने उघडणारं झाकण असेल तर ते पोर दुसऱ्या दिवशी उघडणार.

पहिले दोन आठवडे गाडी फक्त मागे गेली. आम्हाला वाटलं पोराचं किंवा गाडीचं काहीतरी चुकतंय, पण पाय पुढे रेटला की गाडी मागेच जाते, आणि त्यांना तेच आधी सापडतं. हॉलमधून स्वयंपाकघरात उलटा प्रवास, ओट्यावर पाठ आपटली की आनंदाने किंचाळी. एका सकाळी अचानक पुढे आली, आणि त्या दिवसापासून थांबलेली नाही.

मागून ढकलत चालायलाही तो हीच गाडी वापरायचा. इथे खरा धोका आहे. गाडी हलकी असली की टाइल्सवर पुढे सटकते आणि पोर तोंडावर येतं. आमचं एकदा झालं, ओठ फुटला. त्यावर उपाय म्हणून सीटखालच्या डिकीत दोन किलो तूरडाळीचं पाकीट ठेवलं. गाडी जड झाली, वेग कमी झाला. डाळ संपली की नवं पाकीट आधी डिकीत, मग डब्यात, अशी घराची पद्धतच पडली.

दुसरी अडचण आवाजाची. चाकं पोकळ, कडक प्लास्टिकची. खालच्या मजल्यावरचे काका दुपारी झोपतात. ते एकदा वर आले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "सुनबाई, वर चक्की बसवली आहे का?" नवऱ्याने पंक्चरवाल्याकडून स्कूटरची जुनी ट्यूब आणली, तिचे चार गोल पट्टे कापले आणि रबरबँडसारखे चाकांवर ओढून बसवले. बोटं सोलली, पण आवाज निम्म्यावर आला आणि चाकं टाइल्सवर घसरायचीही थांबली. वळायला मात्र गाडी थोडी जड झाली, पहिले दोन दिवस चिरंजीवांनी निषेध नोंदवला. दीड-दोन महिन्यांनी पट्टे सैल पडतात, मग बदलायचे.

गणपतीत सावंतवाडीला गेलो, गाडी इथेच राहिली. पोर हवालदिल. तेव्हा सासूबाईंनी माळ्यावरून नवऱ्याचा पांगुळगाडा काढायला लावला. लाकडी, तीन चाकांचा, दांडा हाताने गुळगुळीत झालेला, रंग जाऊन फक्त खाचांमध्ये थोडा हिरवा उरलेला. मी आधी घाबरले, कारण वॉकर म्हणजे धोका एवढंच डोक्यात. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली. पण ते वॉकर वेगळे. त्यात पोर झोळीत बसतं, पाय जेमतेम टेकलेले, आणि जिन्याकडे भन्नाट सुटतं. पांगुळगाड्यात पोर स्वतःच्या पायांवर उभं असतं, धरायला फक्त दांडा. लाकडाचं वजन असल्यामुळे तो पुढे पळत नाही. आमच्या तूरडाळीचं काम तिथे सुताराने आधीच केलेलं होतं. अंगण चिखलाचं, म्हणून पडवीतच फेऱ्या. चालता येणाऱ्या पोराने त्याचा हातगाडा केला: सोललेले नारळ आडव्या पट्टीवर ठेवून पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सासूबाई म्हणाल्या, "बापूस पण असाच होता." येताना चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकानं पाहिली. जागा असती तर तिथून एक नवा घेतला असता.

दिवाळीनंतर गाडी खाली पार्किंगमध्ये उतरली. पेव्हर ब्लॉकवर छोटी चाकं ठेचकाळतात, मजा येत नाही. सिमेंटच्या कोब्यावर छान चालते. रॅम्पवर अजिबात नाही, ब्रेक म्हणजे पोराचे पायच. बाहेर बूट घालावे लागतात आणि बुटांची पुढची टोकं तीन महिन्यांत घासून जातात, तो खर्च धरा. घरात अनवाणी, मोजे नकोत.

देखभाल फारशी नाही. स्टिकर पहिल्या महिन्यातच गेले, हॉर्न मीच काढून टाकला. एकच गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे चाकांच्या आसाला केस गुंडाळले जातात. माझे. दर पंधरा दिवसांनी गाडी उलटी करून कात्रीने कापावे लागतात, नाहीतर पुढचं चाक अडतं आणि गाडी एकाच बाजूला ओढते.

आता तो तेवीस महिन्यांचा आहे. गुडघे हँडलला लागायला लागलेत, म्हणजे फार तर चार-पाच महिने. पुढची म्हणून बिनपॅडलची दोनचाकी बघते आहे, टेप पुन्हा पर्समध्ये आहे. ही गाडी खालच्या काकांच्या नातीसाठी सांगून ठेवली आहे. काकांनी एकच विचारलं, "ट्यूबसकट देणार ना?"