फ्लॅटमध्ये रायफल ठेवायची तर: कपाट, तिजोरी की विक्रेत्याकडे जमा?

गावाकडच्या घरातून वारशाने आलेली .३१५ बोरची बोल्ट-ॲक्शन रायफल (म्हणजे बोल्ट हा सरकता दांडा हाताने मागेपुढे करून काडतूस चढवायची) परवाना नावावर करून ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आणली, की ती भलत्या हाती लागू नये, पण गरज पडली तर पटकन काढता यावी अशी ठेवायची कुठे हा प्रश्न उभा राहतो. गावी ती माजघरात खुंटीला टांगलेली असायची. येथे एका भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे स्वयंपाकघर आहे.

सर्वांत स्वस्त पर्याय घरातल्या लोखंडी कपाटाचा. साडेतीन फुटांच्या आसपासची रायफल त्यात उभी राहते, परंतु हे कपाट दिवसातून दहा वेळा उघडते आणि त्याची किल्ली साड्यांच्या कोणत्या थप्पीखाली असते हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. कपाटच वापरायचे असेल, तर रायफल रिकामी करून, बोल्ट मिटणार नाही अशा रीतीने रायफलीतून केबल-लॉक, म्हणजे तारेचे कुलूप, ओवावे आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. हे सारे पाळून मी एका रात्री रिकाम्या रायफलीवर घड्याळ लावून पाहिले, तेव्हा दोन किल्ल्या शोधण्यातच मिनिटाहून अधिक वेळ गेला.

उभी, अरुंद तिजोरी महाग पडते, पण सुरक्षितता आणि तातडी यांचा मेळ तिच्यातच बसतो, कारण आत बोल्ट आणि काडतुसांसाठी वेगळा कुलपाचा कप्पा असतो आणि बाहेरच्या दाराला किल्ली शोधावी लागत नाही. कुलूप मात्र विचारपूर्वक निवडावे. बोटाच्या ठशाचे कुलूप घामेजल्या बोटाला कधी कधी ओळखत नाही, डिजिटल कुलपाची बॅटरी वेळेवर बदलावी लागते. म्हणून बटणे दाबून उघडणारे यांत्रिक कुलूप मला अधिक भरवशाचे वाटते. हॉटेलातल्यासारखी छोटी पेटी घेऊ नये, तिच्यात रायफल मावणारच नाही. घोडबंदर रोडवरच्या अनेक नव्या इमारतींत आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात आणि त्यांत तिजोरी आवळण्याचा साधा एक्स्पान्शन बोल्ट (भोकात फुलून घट्ट बसणारा खिळा) नीट धरत नाही. तिजोरी काँक्रीटच्या भिंतीला, आतली सळई न कापता, जाणकाराकडून बसवून घ्यावी. नुसती उभी केलेली तिजोरी दोन माणसे आडवी करून उचलून नेतात.

खाडीकाठच्या दमट हवेत बंद जागा रायफलीची वैरीण ठरते. एका जुलैत तीन आठवड्यांनी रेक्झिनचे कव्हर काढले, तर बोल्टच्या मुठीवर नेमका अंगठ्याच्या आकाराचा तांबूस डाग उमटला होता, म्हणजे माझ्याच घामाचा. तेव्हापासून कव्हर बंद केले, हात लागला की तेलाचे फडके फिरवतो आणि सिलिका जेलच्या पिशव्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला बदलतो.

तिसरा पर्याय परवानाधारक विक्रेत्याकडे रायफल जमा करून पावती घेण्याचा. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचा आदेश आला, तर या प्रक्रियेची ओळख होतेच. येथे तातडीचा प्रश्नच मिटतो, कारण शस्त्र हाताशी नसते. जे मे महिन्यात गावी जाऊन थेट पावसाळा उतरल्यावर परततात, त्यांना मी तिजोरीपेक्षा हाच पर्याय सुचवीन.

ज्यांना घरातच ठेवायची आहे त्यांनी तिजोरी घ्यावी, मात्र या बोरची गोळी पातळ भिंतीपाशी थांबेलच असे नाही, हे ध्यानात ठेवून काडतूस रायफलीत कधीही भरून ठेवू नये. बटणांचा क्रम घरात एकाच माणसाला माहीत असावा आणि तो मुलांच्या वाढदिवसाचा नसावा.