मराठीतून काम करणाऱ्याला अँड्रॉइड की आयफोन? दोन्ही वापरल्यावरचं मत

मी मुद्रितशोधन करते. मजकूर, दुरुस्त्या, लेखकांशी चर्चा, यातलं निम्मं काम फोनवरच होतं. गेल्या दिवाळीपासून दोन फोन जवळ आहेत. कामाचं सिम अँड्रॉइडमध्ये आणि घरचं आयफोनमध्ये. कॅमेरा आणि प्रोसेसर यांत मी पडणार नाही, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत. दिवसातून पन्नास वेळा ज्या गोष्टी कराव्या लागतात, त्यांच्यापुरतंच लिहिते.

माझा निर्णय टायपिंगवर झाला. अँड्रॉइडमधल्या जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर रोमन अक्षरांतून मराठी उमटवता येतं, देवनागरी कळांवर लिहिता येतं आणि बोलूनही लिहिता येतं. तिन्ही सोयी एकाच कीबोर्डवर. गूगलने बोलून मराठी लिहिण्याची सोय २०१७ साली आणली. आता तर कुकर होईपर्यंत ओट्यापाशी उभ्या उभ्या मी दोन परिच्छेदांचा निरोप सांगून मोकळी होते. विरामचिन्हं मागाहून घालावी लागतात, पण 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य बिनचूक येतो, आणि आमच्या धंद्यात त्याला मोल आहे.

आयफोनवर बाहेरचे कीबोर्ड घेता येतात, २०१४ च्या आयओएस ८ पासून (आयओएस म्हणजे आयफोन चालवणारी प्रणाली). पण अशा कीबोर्डला तिथे माइक थेट मिळत नाही, आणि पासवर्डच्या चौकटीत बोट ठेवलं की फोन स्वतःचाच कीबोर्ड पुढे करतो. हे सुरक्षिततेसाठी आहे आणि कारण पटण्यासारखं आहे. ॲपलचा स्वतःचा मराठी कीबोर्डही आयओएस १८ पासून बराच सुधारला: कखगघच्या क्रमाने लावलेल्या कळा आल्या, रोमनमधून मराठी लिहिण्याची सोय आली. थोडंफार लिहिणाऱ्याला तो पुरेल. मला मात्र हात अँड्रॉइडकडेच वळताना दिसतो.

अख्खा फोन मराठीत करायचा, तर अँड्रॉइडमध्ये ते २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून जमतं. आयफोनमध्ये मराठी ही फोनची भाषा म्हणून आली ती २०२५ मध्ये, आयओएस १८.४ बरोबर. मधली दहा वर्षं ज्यांना इंग्रजी किंवा हिंदीची सवय नाही, त्यांच्यासाठी आयफोन नव्हताच. माझी आई सेटिंगमध्ये शिरून स्वतः अक्षरं मोठी करते ती फोन मराठीत आहे म्हणून. मराठी माणसाने फोन निवडताना हा मुद्दा पहिल्या दोनांत ठेवायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मागे जाण्यासाठी अँड्रॉइडमध्ये डाव्या किंवा उजव्या, कुठल्याही कडेवरून बोट आत ओढलं की झालं. आयफोनमध्ये हे आयओएस २६ च्या आधी मुख्यतः डाव्या कडेवरून व्हायचं, आणि काही ॲपमध्ये अजूनही तसंच आहे. उजव्या हातात मोठा फोन आणि डाव्या हाताने लोकलची कडी धरलेली असली, की अंगठा तिथवर पोचत नाही. नोटिफिकेशनमध्येही अँड्रॉइड सरस. २०१७ पासून एकाच ॲपचे वेगवेगळे प्रकार वेगळे बंद करता येतात. खरेदीच्या ॲपची 'आज सवलत' बंद आणि 'पार्सल आज येणार' चालू, असं मी ठेवलं आहे. अर्थात ॲप बनवणाऱ्याने ते प्रकार नीट पाडलेले असावे लागतात.

आता आयफोनची खरी ताकद. यूपीआय ॲप सुरू करताना आपल्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जावा लागतो. अँड्रॉइडमध्ये परवानगी दिली की ॲप तो स्वतःच पाठवतं. आयफोनमध्ये सांकेतिक अक्षरांची लांबलचक ओळ भरलेली मेसेजची खिडकी उघडते आणि पाठवायचं बटण आपणच दाबायचं असतं. एक पायरी जास्त, पण त्यामागचा नियम मोलाचा आहे: आयफोनमध्ये कुठल्याही ॲपला आपले एसएमएस सरसकट वाचता येत नाहीत. हल्ली व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून एपीके फाइल (म्हणजे अँड्रॉइडचं ॲप) येते, ती फोनमध्ये टाकून परवानग्या दिल्या की ओटीपी परस्पर पळवले जातात. आयफोनवर एपीके चालतच नाही.

म्हणून घरात वडीलधाऱ्यांकडे अँड्रॉइड असेल, तर आजच सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इंस्टॉल करणे' शोधा आणि व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल्स, सगळ्यांपुढची परवानगी बंद करा. दोन मिनिटांचं काम आहे. आईच्या फोनवर मी सगळ्यात आधी हेच केलं.

दुसरी ताकद अपडेटची. २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ चं आयओएस २६ मिळालं. अँड्रॉइडमध्ये अशी खात्री पूर्वी नव्हती. पण पिक्सेल ८ पासून गूगलने आणि गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंगने सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं आहे. हे महागडे फोन झाले. स्वस्त फोनमध्ये हमी कमी वर्षांची असते, कित्येकदा फोनच्या स्वतःच्या ॲपमध्ये जाहिराती असतात, आणि बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागे चाललेली ॲप बंद पाडली जातात. माझ्या आधीच्या अँड्रॉइडवर मेसेज तासभर उशिरा यायचे ते यामुळेच. त्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार एकट्या तिचा नाही.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणार असाल, तर व्हॉट्सॲपच्या गप्पा 'मूव्ह टू आयओएस' या ॲपलच्या ॲपने नेता येतात, पण आयफोन कोरा असतानाच. आधी फोन सुरू करून सगळं लावलंत, तर तो पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ऑनलाइन साठवणीच्या जागेचाही हिशेब आधीच करा. ॲपलच्या आयक्लाउडवर ५ जीबी फुकट मिळतात, गूगलवर १५.

माझं ठरलं आहे. पुढचा कामाचा फोन अँड्रॉइडच, पण सात वर्षं अपडेट देणारा आणि जाहिराती नसलेला. बजेट कमी पडलं तर त्याच कंपनीचं मागच्या वर्षीचं मॉडेल घेईन आणि अपडेटची किती वर्षं उरली आहेत, ते दुकानात पैसे देण्याआधी तपासून बघेन.