गणित अडलं, आता विचारायचं कुणाला?

२ किलोचा ठोकळा, ३० अंशांची उतरण, घर्षण गुणांक ०.२. त्वरण काढा. तुमचं उत्तर येतं २.९४, पुस्तकाच्या मागे छापलंय ३.२. गाईड, मित्र, व्हिडिओ, शिकवणीचे सर, चॅटबॉट, सगळे हाताशी आहेत. याच एका उदाहरणावर त्यांना जोखून बघू.

गाईड सगळ्यात झटपट. वाचताना प्रत्येक ओळ पटते आणि घात तिथेच होतो, कारण पटणं वेगळं आणि सुचणं वेगळं. त्यात अभिलंब बल, म्हणजे उतरण ठोकळ्याला काटकोनात देते तो रेटा, 'एमजी कॉस थिटा' दिसेल (थिटा म्हणजे उतरणीचा कोन). तुम्ही नुसतं 'एमजी', म्हणजे ठोकळ्याचं अख्खं वजन, घेतलं होतंत. खोडाल, सुधाराल, उत्तर जुळेल, वही मिटेल. तो कॉस आला कुठून, हे राहूनच जाईल. पण रीत बरोबर असून फक्त आकडेमोड फसली असेल, तर गाईडसारखं सोयीचं काही नाही. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) राहिला की साइन ३० चक्क ऋण येतो, उणे ०.९९ च्या जवळपास. असल्या चुकीसाठी कुणाला उठवू नये.

मित्राचा फायदा असा की तो परवाच याच खड्ड्यात पडलेला असतो, त्यामुळे तुम्ही कुठे घसरलात ते त्याला चटकन दिसतं. तोटाही तोच. तो अजून खड्ड्यातच असेल तर दोघांचं उत्तर २.९४ येतं आणि दोघं मिळून पुस्तकातच छपाईची चूक आहे असं ठरवून मोकळे होतात!

चांगले सर उत्तर सांगतच नाहीत. वहीत डोकावतात आणि विचारतात, "उतरण ९० अंशांची केली तर?" आता ठोकळा सरळ खाली पडायला हवा, त्वरण ९.८. तुमच्या सूत्रातून येतं ७.८४. म्हणजे ठोकळा उतरणीवर जराही दाबला जात नसताना घर्षण शिल्लकच! उतरण जसजशी उभी होते तसतसा तिच्यावरचा दाब कमी होत जातो. तो कॉस इथून आला. ही ताकद दुसऱ्या कशातच नाही. पण सर रात्री अकराला भेटत नाहीत, 'एवढंही येत नाही?' ऐकायची धास्ती असते, आणि काही जण पेन हिसकावून स्वतःच सोडवून टाकतात. तसे सर म्हणजे बोलकं गाईड.

व्हिडिओबद्दल थोडक्यात: अख्खा धडाच डोक्यावरून गेला असेल तर उत्तम, एका अडलेल्या ओळीसाठी निरुपयोगी. वीस मिनिटं बघून हवी ती ओळ मिळेलच असं नाही.

उरली यंत्रं, आणि ती दोन जातींची आहेत. २००९ पासून असलेलं वुल्फ्रॅम अल्फा हे संकेतस्थळ खरोखर गणित करतं. 'साइन २ एक्स = साइन एक्स' हे समीकरण सोडवताना तुम्ही दोन्ही बाजूंना साइन एक्सनं भागलंत, तर ६० आणि ३०० अंश मिळतात; ० आणि १८० गळतात. ते चारही दाखवेल. मात्र ठोकळ्याचं शाब्दिक उदाहरण असेल तर समीकरण मांडायचं काम तुमचंच, आणि भौतिकशास्त्रात निम्मी लढाई तिथेच असते.

चॅटबॉट मांडणीही करून देतो, पुन्हा पुन्हा विचारलं तरी वैतागत नाही. पण बरोबर आणि चूक दोन्ही सारख्याच ठसक्यात सांगतो, 'माझं २.९४ येतंय' म्हणून हट्ट धरलात तर कधी कधी तेही मान्य करून टाकतो. मी त्याला एवढंच सांगते: उत्तर देऊ नकोस, माझी पहिली चुकलेली ओळ दाखव. मग ती ओळ खरंच चुकली आहे का, हे ९० अंश घालून मीच तपासते.

वही उद्याच द्यायची असेल, तर आधी आकृती काढून बलांचे बाण दाखवा. बाण काढता आले आणि पुढे अडलं, तर गाईड किंवा यंत्र पुरेल. बाणच काढता येत नसतील तर यांपैकी कुणीही रात्रीत ते शिकवणार नाही. ते उदाहरण अर्धवट सोडा, शेजारी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढा आणि सकाळी सरांपुढे तेच पान उघडा.