पावलाचा पुढचा भाग काढायचा की गुडघ्याखालून पाय?

निफाडकडच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या वडिलांच्या पायाची तीन बोटं मधुमेहाने काळी पडलीत. नाशिकमध्ये एक डॉक्टर म्हणतात पावलाचा पुढचा भाग कापून काढू, दुसरे म्हणतात गुडघ्याखालून पाय कापू. घरच्यांनी काय ठरवायचं?

जखम भरणं आधी बघा. मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, त्यामुळे घोट्यावर मोजलेला रक्तदाब (प्रेशर) उगाच चांगला दिसतो. शाबूत बोटाचं प्रेशर मोजून घ्या. ते 30 मिमी पाऱ्याच्या खाली असेल तर पावलावरचे टाके उसवण्याची भीती मोठी. मग आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपास शक्य आहे का, ते विचारा. गुडघ्याखाली रक्तपुरवठा बहुधा बरा असतो, तिथली जखम जास्त भरवशाने भरते.

चालण्याच्या दृष्टीने पावलाचा पुढचा भागच काढणं सरस. टाच राहते, रात्री लघवीला कृत्रिम पाय न चढवता जाता येतं. पण टाचेमागची शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर) आखडते, पाऊल खाली झुकतं आणि टोकावर परत जखम होते. ती शीर त्याच ऑपरेशनमध्ये लांबवता येईल का, हे जरूर विचारा. नंतर कडक तळाचा, पुढे भरीव असलेला बूट लागतो.

गुडघ्याखालून कापल्यावर गुडघ्याखाली उशी अजिबात देऊ नका. गुडघा वाकलेलाच आखडला, तर जयपूर फूट नीट बसत नाही.

खर्चाचं म्हणाल तर पहिलं ऑपरेशन नव्हे, दुसरं-तिसरं कंबरडं मोडतं.

रक्तपुरवठा आहे किंवा सुधारता येतो आणि टाच निरोगी आहे, तर पावलाचा पुढचाच भाग काढा. टाच सडलीय, पू घोट्यावर चढलाय, तर गुडघ्याखालून. तिथे दिवस घालवू नका.