५० एमएम की ५५-२५०: गर्दीतल्या फोटोंसाठी आधी कोणती लेन्स?

क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १८-५५ एमएमची झूम लेन्स आहे आणि नागपुरातली मारबत (मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक), रामनवमीची शोभायात्रा, दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन हे सगळं टिपायचंय. दुसरी लेन्स एकच परवडत असेल, तर ५५-२५० एमएमच्या झूमआधी ५० एमएम एफ १.८ घ्या (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत).

कारण उजेड. पोद्दारेश्वर राम मंदिरातून शोभायात्रा निघते तोवर दिवस कललेला असतो, पुढचं सगळं चित्ररथांच्या दिव्यांवर. ५५-२५० लांबच्या टोकाला (२५० एमएमला) एफ ५.६ वर अडते. त्याच शटर स्पीडला ती आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; वाढली की फोटो दाणेदार) ६४०० मागेल तिथे ५० चं ६४० मध्ये भागतं. ५५-२५० चं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, ढोलावर पडणारा हात नाही. त्याला किमान १/२५० सेकंदाचं शटर हवंच.

५० ची खोड वेगळी. दोन मीटरवर, एफ १.८ ला फोकसची खोली जेमतेम ११ सेंटिमीटर. पुढचा चेहरा लख्ख, त्याच्या खांद्याआडचा धूसर. दोघं हवे असतील तर एफ ४ करा, खोली दुपटीहून जास्त मिळते. फोकस पॉइंट एकच ठेवा, नाहीतर कुणाचा तरी वर केलेला मोबाइल फोकस पळवतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गल्ल्यांत मात्र मागे सरकायला जागाच नसते. तिथे दोन्ही लेन्स निरुपयोगी, जुनी १८-५५ च कामाची, तीही १८ वर. काळ्या मारबतीमागे पांढरं ढगाळ आभाळ आलं की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर आभाळाला भुलतो आणि चेहऱ्याचं नक्षीकाम काळ्यात बुडतं: एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करा, म्हणजे फोटो उजळ होतो. पिवळीला उलट, −१/३; लाल चॅनल आधी फाटतो (मर्यादेपलीकडे जाऊन तपशील गमावतो) आणि पिवळा सपाट, रंग फासल्यासारखा दिसतो. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा.

५५-२५० ची बाजू दीक्षाभूमीवर भक्कम होते. दिवसाउजेडी, बॅरिकेडमागून, २०० च्या आसपास स्तूपाचा घुमट माणसांच्या लोंढ्यामागे जवळ येऊन उभा राहतो. हात जोडलेल्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेराही न्यावा लागत नाही. तुमचं काम बहुतेक दिवसाचं आणि लांबून असेल, तर हीच आधी घ्या. तरी २४ मेगापिक्सेलच्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधून ५० चा मधला भाग निम्म्या रुंदी-उंचीने कापला, तर १०० एमएमची चौकट मिळते आणि १२ बाय ८ इंची प्रिंट नीट निघते.

गुलाल उडत असताना लेन्स बदलू नका. सेन्सरवर बसलेला कण एफ ११ ला आभाळात ठिपका होऊन दिसतो.