मळ्यासाठी पहिला शिकारी कुत्रा: कारवान, राजापालयम की गावठी?

खान्देशात रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीच्या बागेत रात्री रानडुकरं शिरतात. तापीकाठच्या शिवारात रोह्यांचा (नीलगायींचा) कळप एका रात्रीत हरभऱ्याचा निकाल लावतो. साक्रीकडच्या माळावर मेंढरांमागे फिरणाऱ्यांना लांडग्या-बिबट्याची धास्ती असते. जागल करून करून थकलेला माणूस मग म्हणतो, एखादा शिकारी कुत्रा आणू. फोनवर हरणासारख्या लांब पायांच्या कुत्र्याचे व्हिडिओ बघितलेले असतात आणि मन तिथंच बसलेलं असतं. अशा वेळी घरातलं एखादं जुनं माणूस विचारतं, "तुले कुत्रा कसाले पाहिजे?" या प्रश्नाचं उत्तर पक्कं झाल्याशिवाय पिल्लू बघायलाही जाऊ नये.

शिकार हे उत्तर असेल तर विषय तिथंच संपतो. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारण्यासोबत पकडणं, पाठलाग करणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणंसुद्धा येतं. ससा, रानडुक्कर, रोही या तिघांनाही या कायद्याचं संरक्षण आहे. म्हणजे गंमत म्हणून सशामागे कुत्रं सोडलं तरी तो गुन्हाच, आणि 'कुत्रं आपणहून गेलं' हे कारण तुमच्या मदतीला येईल असं धरून चालू नका. पीक गेलं असेल तर वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा मागता येतो, तो मागावा. कुत्र्याचं काम बांधाच्या आतलं: चाहूल लागताच भुंकणं, तुम्हाला उठवणं, जनावराला आत पाऊल टाकायला कचरायला लावणं. मी ही तुलना याच कामासाठी करतोय.

आणि हे काम डोळ्यांसमोर ठेवलं की माझी पहिली कसोटी एकच राहते: हाक मारल्यावर कुत्रं परत येतं का? धावतं किती, दिसतं कसं, जबडा केवढा, हे सगळं त्यानंतर.

कारवानपासून सुरुवात करतो, कारण चौकशी त्याचीच सर्वांत जास्त होते. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, कमरेवर उठून दिसणारी हाडं. ज्याच्या कानांवर आणि पायांवर झालरीसारखे केस असतात तो पश्मी. आपल्याकडे हे कुत्रे बहुतेक लातूर-उदगीर, सोलापूर, सांगली-जत या बाजूने किंवा थेट कर्नाटकातून येतात. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कुत्र्यांची पैदास जोपासली, म्हणून त्यांना मुधोळ हाउंडही म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडिया नोंद करताना 'कारवान हाउंड' लिहितो आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड'. तेव्हा दोन वेगळ्या नावांचे कागद दाखवून कोणी दोन वेगळे भाव सांगत असेल तर सावध व्हा. मुधोळजवळ तिम्मापूर इथं या जातीसाठी सरकारी संशोधन केंद्र आहे. 2016 मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्राने या जातीची पिल्लं प्रशिक्षणासाठी घेतली, तेव्हापासून मागणी फार वाढली आणि नकली माल त्याच्या मागोमाग आला.

कारवान हा नजरेवर चालणारा शिकारी आहे. लांब तोंडाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या डोळ्यांमुळे त्याला रुंद पट्टा दिसतो, आणि लांबवर काही हललं की त्याचं शरीर आधी सुटतं. पिढ्यान्‌पिढ्या त्याची निवड याच गुणावर झाली: दिसलं की धाव, आणि ते नजरेआड होईपर्यंत थांबू नको. नेमकी ही सवय मळ्यावर आड येते. रोही दिसलं की कारवान बांध ओलांडून तीन शेतं पलीकडे गेलेला असतो. तुमची हाक त्याच्या कानावर पडत असते, पण त्या क्षणी ती त्याच्या लेखी नसते. वाटेत बिनकठड्याची विहीर असते, तारेचं कुंपण असतं, कोणी पिकाभोवती चोरून सोडलेला विजेचा करंट असतो. पळण्यापेक्षा उलटून उभं राहणारं रानडुक्कर भेटलं तर सुळ्याने पोट फाटायला एक क्षण पुरतो, कारण कारवानची कातडी पातळ आणि अंगावर चरबी जवळजवळ नसते. शिवाय तो भुंकायला कंजूष. अनोळखी माणसाला तो अंगाला हात लावू देत नाही हे खरं, पण रात्रभर बांधावर बसून आवाज देत राहणं हा त्याचा पिंडच नव्हे.

मग कारवान घेऊच नये का? घ्यावा, पण त्याला ओळखून. ज्याच्याकडे मोकळा, कुंपण घातलेला माळ आहे, जो रोज पहाटे त्याला मनसोक्त पळवू शकतो, त्याच्यासाठी यापेक्षा देखणा आणि इमानी सोबती मिळणं कठीण. उन्हाळा तो परदेशी जातींपेक्षा पुष्कळ चांगला काढतो. तरी जळगावचा मे महिना, पारा 44-45 अंशांवर गेलेला, अशा दुपारी कोणत्याही कुत्र्याला पळवू नये. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय. उलट जानेवारीच्या थंडीत कारवानला गोणपाट आणि आडोसा लागतो. पोटभर खाऊ घालून लगेच पळवू नका. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडू शकतो आणि काही तासांत जीव जातो. भूल देऊन काही शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर डॉक्टरांना जात आवर्जून सांगा, कारण या बांध्याच्या कुत्र्यांवर भुलीच्या काही औषधांचा अंमल जास्त वेळ राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: कारवानवर हात उगारू नका. एकदा मार बसला की ते कायमचं बुजतं आणि मग हाकेला येण्याची उरलीसुरली आशाही जाते.

राजापालयमची गोष्ट वेगळी. तमिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यातल्या राजापालयम गावचा हा पांढराशुभ्र, गुलाबी नाकाचा, दांडगा कुत्रा. रानडुकराच्या शिकारीसाठी तो जुन्या काळी प्रसिद्ध होता, म्हणून केळीवाल्यांना त्याचं आकर्षण वाटणं मी समजू शकतो. राखणदार म्हणून तो कारवानपेक्षा सरस आहे: जागेला चिकटून राहतो, धन्याला ओळखतो, परक्याला आत येऊ देत नाही. अडचण नेमकी या शेवटच्या गुणात आहे. खान्देशातल्या मळ्यावर परकं कोण नसतं? केळी कापायला येणारी टोळी, पहाटे उभा राहणारा ट्रक, कापूस वेचायला येणाऱ्या बाया, नवा सालदार, बिल द्यायला आलेला माणूस. रोज बदलणारी ही माणसं पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने राजापालयमला कशी समजावून सांगायची? तो दिवसभर साखळीला राहतो, साखळीने जास्त चिडका होतो आणि शेवटी कोणाला तरी चावतो. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवणं हे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने मालकाचं कर्तव्यच ठरवलं आहे, हेही लक्षात असू द्या. दुसरं, या जातीत जन्मतः बहिरी पिल्लं निघतात. पांढऱ्या रंगाशी त्याचा संबंध आहे. पिल्लू घेताना भावंडांपासून बाजूला करून त्याच्या पाठीमागे टाळी वाजवून बघा. कान हलले नाहीत, मान वळली नाही, तर हाकेची कसोटी तिथंच निकालात निघाली.

लॅब्राडोर, बीगल, जर्मन शेफर्ड यांच्यावर मी फार वेळ घालवणार नाही. लॅब्राडोर पाण्यात पडलेला पक्षी उचलून आणण्यासाठी तयार झालेली थंड मुलखातली जात. आपल्या उन्हात तो पाण्याच्या टाकीपाशी पडून राहील आणि चोराचंही स्वागत करेल. बीगलला वासाचा माग लागला की नाक जमिनीला आणि कान बंद. जर्मन शेफर्ड शिकतो छान, पण ते दाट केस घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा उन्हाळा काढणं हा त्याच्यावर अन्याय आहे. घरात, पंख्याखाली ठेवणार असाल तर गोष्ट निराळी.

आता गावठी. त्याला फुकटचा म्हणून यादीत शेवटी टाकायची पद्धत आहे, आणि मला ती मनापासून खटकते. या हवेत, या गोचिडांत, या भाकरीवर टिकून राहिलेली ही कुत्री आहेत. कान उभे, झोप सावध, भुंकणं भरपूर. आपला इलाखा कुठं संपतो ते त्यांना उपजत कळतं: जनावराला बांधापर्यंत नेतात, तिथं उभं राहून दम भरतात आणि मागे फिरतात. मळ्यावर याहून जास्त काय हवं? धनगर आणि ठेलारी समाजाच्या वाड्यांवर मेंढरांसोबत फिरणारी कुत्री बघा. शेकडो मेंढरांच्या कडेकडेने ती चालतात, परकं माणूस जवळ आलं की आवाज देतात, आणि मेंढपाळाच्या एका शिटीवर थांबतात. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पाड्यांवरही दारात असंच कुत्रं दिसतं. ही शिकवण त्यांना कोणी पैसे घेऊन दिलेली नाही. आईच्या मागे फिरता फिरता पिल्लू शिकतं.

म्हणून गावठी घ्यायचं तर रस्त्यावरचं कोणतंही उचलू नका. काम करणाऱ्या आईचं पिल्लू मागा. आईजवळ थोडा वेळ बसा. ती अनोळखी माणसावर भुंकून धन्याच्या शब्दावर शांत होते का, पिल्लांना हात लावू देते का, शेळ्या-कोंबड्यांकडे कशी बघते, हे सगळं समोर दिसतं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस दात बघतो, चाल बघतो, चार वेळा फिरवून आणतो. कुत्र्याच्या बाबतीत तोच माणूस फोटोवर पैसे पाठवून मोकळा होतो.

गावठीतही कमी आहे, ती लपवत नाही. एकटं गावठी कुत्रं रानडुकरांच्या कळपाला थोपवू शकत नाही. ते फक्त तुम्हाला उठवतं, पुढचं काम बॅटरीचं आणि डब्याच्या आवाजाचं. नर कुत्री मोकळी राहिली की गावभर भटकतात, भांडून जखमी होऊन येतात. आणि बिबट्याच्या वाटेवरच्या मळ्यात, यावलच्या डोंगरालगत किंवा चाळीसगावकडे गौताळा अभयारण्याच्या बाजूला, रात्री उघड्यावर बांधलेलं कोणतंही कुत्रं हे बिबट्याचं आयतं जेवण. तिथं रात्री त्याला दार असलेल्या खोलीत किंवा वरून जाळी घातलेल्या खुराड्यातच ठेवा. भुंकण्याचं काम तो आतूनही करतो.

तर पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला माझं सांगणं स्पष्ट आहे: उघडा मळा, येणारी-जाणारी माणसं, गोठा आणि शेळ्या असतील तर गावठी मादी घ्या, आणि पिल्लं नको असतील तर वेळेवर नसबंदी करा. मादी घराभोवती जास्त राहते, हाक लवकर शिकते. कुंपण पक्कं असेल, घरातलं एक माणूस रोज वेळ देणारं असेल आणि राखणीपेक्षा जातिवंत देशी कुत्रा जपण्याची हौस मोठी असेल तर कारवान. राजापालयम दुसरा किंवा तिसरा कुत्रा म्हणून घ्या, हात बसल्यावर. दोन-तीन वर्षं एखादी गावठी मादी नीट सांभाळली की कारवानला काय लागतं ते तुम्हाला आपोआप कळायला लागतं, आणि ती मोठी मादी नव्या पिल्लाला अर्धं शिकवून टाकते. सख्खी दोन भावंडं मात्र एकदम आणू नका. ती एकमेकांचीच होऊन राहतात आणि तुमची हाक तिसऱ्या नंबरवर जाते.

जात कोणतीही असो, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनुसार त्याआधी विकणंच मना आहे, आणि आईजवळ राहिलेलं पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा हे तिथंच शिकतं. पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने; रेबीजची तीन महिन्यांना आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. गोचिडांकडे पावसाळ्यापासून बारीक लक्ष ठेवा, कान आणि बोटांच्या बेचक्या रोज चाचपा. गोचीड-तापाने धडधाकट कुत्रं आठवड्यात झडतं. नुसत्या भाकरी-दुधावर पिल्लू वाढत नाही, अंडी किंवा मांस लागतं. शिजवलेली हाडं, कांदा-लसूण आणि द्राक्षं देऊ नका. शेतातलं उंदराचं औषध आणि फवारणीचे रिकामे डबे कुलपात जाऊ द्या, कारण मळ्यावरच्या पिल्लाला बिबट्याआधी ते गाठतात.

पिल्लू दिवाळीनंतर आणा. हवा थंड असते, मळ्यावर वर्दळ असते, त्यामुळे माणसांची सवय होते आणि उन्हाळा लागेपर्यंत ते अंगाने धरतं. आणण्याआधी बिनकठड्याच्या विहिरीभोवती काटेरी झापं लावून घ्या. पहिले काही महिने लांब दोरी लावूनच शिवारात फिरवा: हाक मारा, दोरी हलकेच ओढा, आलं की हातावर भाकरीचा तुकडा. कळपातल्या शेळ्यांमधून, चालू पंपाच्या आवाजातून, समोर तितर उडालेलं असतानाही ते वळून तुमच्याकडे यायला लागलं, की त्या दिवशी दोरी सोडा.